शेअर केलेला प्रिंटर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणतो, तेव्हा नेमकं नाही कोण म्हणतंय?

प्रश्न थोडक्यात असा. सीएचं छोटं ऑफिस, आठ कॉम्प्युटर. काउंटरवरच्या विंडोज १० मशीनला जुना लेझर प्रिंटर यूएसबीने जोडलेला आणि तिथूनच सगळ्यांना शेअर केलेला. टॅलीचा डेटाही त्याच मशीनवर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून तीन मशीन विंडोज ११ वर नेली आणि त्या तिन्हींवरून प्रिंट बंद झालं. एक मशीन युजरनेम-पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारतं, दुसऱ्यावर ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ येतं, तिसऱ्यावर ७०९ ने संपणारा कोड. टॅली मात्र तिन्हींवर चालतं आणि उरलेल्या जुन्या मशीनवरून प्रिंटही येतं. टेक्निशियनने प्रिंटरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये ‘एव्हरीवन’ला सगळ्या टिक दिल्या, फायरवॉल बंद केली, तरी काही फरक नाही.

फरक पडणारच नव्हता, कारण प्रिंट अडलंय दुसरीकडे. ‘परवानगी नाही’ हा निरोप एकच दिसत असला तरी तो तीन वेगवेगळ्या जागांहून येऊ शकतो. पहिली जागा काउंटरच्या मशीनचं प्रवेशद्वार: तुम्ही कोण आहात हे तिथे ओळखलंच गेलं नाही. दुसरी प्रिंटरची स्वतःची परवानगी: ओळखलं, पण या प्रिंटरवर छापायचा हक्क तुम्हाला नाही. तिसरी जागा लोक विसरतात. ती तुमच्याच मशीनवर असते: ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलणारा प्रोग्रॅम, बसवायला विंडोज नकार देतं. सोसायटीच्या वॉचमनने अडवलंय, फ्लॅटचं दार बंद आहे की आपल्याच खिशात किल्ली नाही, हे आधी ठरवायचं. ते न ठरवता टिक मारत सुटलं की प्रिंटर चालू होत नाही आणि ऑफिस मात्र उघडं पडतं.

त्याआधी दोन मिनिटांची एक तपासणी. अडलेल्या मशीनवर विंडोज आणि आर दाबून रन उघडा आणि दोन बॅकस्लॅश देऊन काउंटरच्या मशीनचं नाव टाका. (कमांड आणि नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.) शेअर केलेले फोल्डर आणि प्रिंटर दिसले तर पहिली जागा बहुतेक पार झाली. पासवर्ड विचारला तर अडचण तिथेच आहे. आणि ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असं आलं, म्हणजे कोड ५३ किंवा ३५ ने संपणारा, तर हा परवानगीचा प्रश्नच नव्हे. मग काउंटरच्या मशीनचं नेटवर्क ‘पब्लिक’ झालंय का ते बघा. राउटर बदलल्यावर हे हमखास होतं. ते ‘प्रायव्हेट’ करा आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू आहे ना ते पाहा. लॅपटॉप चुकून गेस्ट वाय-फायवर असला तरी हेच होतं. फायरवॉल संपूर्ण बंद करायचं काही कारण नाही, तुमच्या टेक्निशियनने केली असेल तर आजच परत चालू करून घ्या.

आता तुमच्या मूळ कोड्याकडे येऊ. जुन्या मशीनवरून प्रिंट येतं आणि नव्यांवरून नाही, याचा अर्थ माझ्या मते सरळ आहे: जुनी मशीन आजवर गेस्ट म्हणून आत जात होती. काउंटरवर कधीतरी कोणीतरी ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद केलेलं असणार. ते बंद केलं की गेस्ट खातं उघडतं आणि ज्याचं नाव काउंटरला माहीत नाही अशा प्रत्येकाला ते गेस्ट म्हणून आत घेतं. विंडोज १० प्रो आणि होममध्ये हे चालून जायचं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्येही गेस्ट म्हणून जोडणं मुळातच बंद आहे. शिवाय एसएमबी साइनिंग (एसएमबी म्हणजे फाइल आणि प्रिंटर शेअर करायची विंडोजची पद्धत, साइनिंग म्हणजे तिच्या प्रत्येक निरोपावर सही) सक्तीचं झालंय, आणि गेस्टच्या जोडणीवर सही करायला पासवर्डच नसल्यामुळे ती जोडणी होत नाही. नव्या मशीनचा यात काही दोष नाही. ती फक्त ओळखपत्र नसलेल्या रस्त्याने जायला तयार नाहीत.

यात एक बारकावा आहे आणि तो भल्याभल्यांना चकवतो. गेस्ट म्हणून प्रवेश मिळतो तो काउंटरला अनोळखी असलेल्या नावालाच. तुमच्या मशीनवरचा युजर ‘अ‍ॅडमिन’ असेल, काउंटरवरही ‘अ‍ॅडमिन’ नावाचा युजर असेल आणि दोघांचे पासवर्ड वेगळे असतील, तर काउंटर तुम्हाला गेस्ट समजत नाही. पासवर्ड चुकला असं समजतं आणि दार लावतं. आपल्याकडे मशीन बसवणारे सगळीकडे ‘अ‍ॅडमिन’ नाहीतर ‘ऑफिस’ नावाचाच युजर करतात. त्यामुळे ‘याच्यावरून येतं, त्याच्यावरून येत नाही’ हा खेळ विंडोज १० मध्येही बघायला मिळतो.

मग टॅली कसं चालतं? इथे मी आधी टॅलीचा ड्राइव्ह कसा मॅप केलाय ते बघेन. अडलेल्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून फक्त ‘नेट यूज’ टाका. यादीत टॅलीचा ड्राइव्ह १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या आयपी पत्त्यावर दिसला आणि प्रिंटर मात्र मशीनच्या नावाने जोडलेला असला, तर कोडं सुटलं. नवीन मशीन बसवताना टॅलीसाठी कोणीतरी आयपीवर युजरनेम-पासवर्ड दिला आणि ‘लक्षात ठेव’वर टिक केली. विंडोजच्या लेखी तोच कॉम्प्युटर आयपीने आणि नावाने असे दोन वेगळे सर्व्हर आहेत. एकाची ओळख दुसऱ्याला लागू होत नाही. म्हणून टॅली उघडतं आणि प्रिंटर पासवर्ड मागत बसतो.

याच्या उलटही होतं. टॅलीचा ड्राइव्ह नावानेच जोडलाय, पण वेगळ्या युजरने. आता प्रिंटरसाठी तुम्ही दुसरा युजर आणि त्याचा अगदी बरोबर पासवर्ड देता, तरी विंडोज नाही म्हणतं. तो कोड १२१९: एका सर्व्हरवर एकाच वेळी दोन ओळखी चालत नाहीत. हा कोड प्रत्येक वेळी दिसतोच असं नाही, कधी नुसतीच पासवर्डची खिडकी पुन्हा पुन्हा उघडते आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो.

उपाय म्हणून काउंटरच्या मशीनवर फक्त नेटवर्कसाठी एक वेगळं लोकल खातं करा, समजा ‘ऑफप्रिंट’. ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नको, साधं स्टँडर्ड खातं हवं. पासवर्ड द्यायलाच हवा, कारण पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. असं खातं समोर बसून उघडता येतं, एवढंच. ‘अकाउंट रिस्ट्रिक्शन’चा निरोप बहुधा यामुळेच येतो. आणि पिन म्हणजे पासवर्ड नव्हे. काउंटरवर बसणाऱ्या ताई रोज चार आकडी पिन टाकून लॉगइन करत असतील तर तो पिन त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवर चालत नाही. काउंटरला ईमेलचं मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर गोंधळ आणखी वाढतो, म्हणूनच वेगळं लोकल खातं बरं.

खातं ‘नेट युजर’ कमांडने केलंत तर लगेच एक काम करा. अशा खात्याचा पासवर्ड विंडोजच्या मूळ सेटिंगनुसार ४२ दिवसांनी संपतो. समोर बसून लॉगइन करणाऱ्याला बदलायची आठवण येते, पण या खात्याने समोर कोणी बसतच नाही. मग सहा आठवड्यांनी एका सकाळी सगळ्या ऑफिसचं प्रिंट आणि टॅली एकदम बंद, आणि दोष जातो आदल्या रात्रीच्या अपडेटला. ‘नेट युजर ऑफप्रिंट’ टाकून ‘पासवर्ड एक्स्पायर्स’ची ओळ वाचा. तारीख असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेल उघडा, ‘सेट-लोकलयुजर’ला खात्याचं नाव द्या आणि ‘पासवर्ड-नेव्हर-एक्स्पायर्स’ ट्रू करा.

पुढची पायरी नव्या तिन्ही मशीनवर. कंट्रोल पॅनेलमधला क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’मध्ये काउंटरच्या नावाच्या आणि आयपीच्या जितक्या जुन्या नोंदी असतील त्या सगळ्या काढा. टॅलीचा ड्राइव्ह डिस्कनेक्ट करा. मग एकच नवी नोंद घाला: पत्त्यात मशीनचं नाव, युजरनेममध्ये मशीनचं नाव, बॅकस्लॅश, ऑफप्रिंट, आणि पासवर्ड. बॅकस्लॅशच्या आधीचं नाव गाळू नका. ते नसलं तर विंडोज कधी कधी ते खातं आपल्याच मशीनवर शोधतं. लॉगआउट होऊन परत या, टॅलीचा ड्राइव्ह आता नावानेच जोडा, त्यानंतर प्रिंटर. टॅलीच्या फोल्डरवर ऑफप्रिंटला वाचायचा आणि बदल करायचा हक्क द्यायला विसरू नका, नाहीतर प्रिंटर चालू होईल आणि टॅली बंद पडेल.

एवढं केल्यावर पहिलं मशीन ताळ्यावर यावं. अजूनही पासवर्ड विचारत असेल तर अंदाज बांधू नका, काउंटरलाच विचारा. काउंटरवर इव्हेंट व्ह्यूअरमधल्या ‘सिक्युरिटी’ नोंदींत ४६२५ क्रमांक शोधा. नोंदच नसेल तर लॉगऑनच्या अपयशाचं ऑडिट चालू करून परत प्रयत्न करा. त्या नोंदीत युजरचं नाव असतं, कुठल्या मशीनवरून आला ते असतं आणि खाली ‘सब स्टेटस’ असतो. सब स्टेटस ६ए ने संपला तर पासवर्ड चुकीचा. ६४ ने संपला तर त्या नावाचा युजरच नाही, बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं. ७१ म्हणजे पासवर्डची मुदत संपलेली. १५बी म्हणजे युजर बरोबर, पासवर्ड बरोबर, पण त्याला नेटवर्कवरून यायची मुभा नाही. तासभर निरनिराळे पासवर्ड टाकून जे कळत नाही ते या एका ओळीत कळतं.

दुसऱ्या मशीनवर ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ येतं, पण काउंटरचे फोल्डर उघडतात, असं असेल तर प्रिंटरची स्वतःची परवानगी बघायची. काउंटरवर प्रिंटर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी टॅब. इथे हक्क तीन असतात: प्रिंट, मॅनेज धिस प्रिंटर आणि मॅनेज डॉक्युमेंट्स. ‘एव्हरीवन’ला मुळात फक्त प्रिंट असतं आणि तेवढं पुरतं. टेक्निशियनने दिलेल्या जादा टिक काढून टाका. ‘मॅनेज’ सगळ्यांना दिलं की कोणीही कोणाचंही प्रिंट रद्द करू शकतं, प्रिंटर पॉज करू शकतं, शेअरिंगही काढू शकतं. यादीत कुठे ‘डिनाय’ची टिक आहे का तेही पाहा. डिनाय बहुतेक वेळा अलाउला भारी पडतं, आणि एखादा युजर दोन ग्रुपमध्ये असून एका ग्रुपला डिनाय असेल तर त्याचं प्रिंट अडतं. ग्रुप बदलला तर त्या युजरने पुन्हा लॉगइन केल्याशिवाय तो बदल लागू होत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या. सगळे ऑफप्रिंट या एकाच नावाने आत आले की काउंटरच्या रांगेत प्रत्येक प्रिंटची मालकीही ऑफप्रिंटचीच होते. स्वतःचं प्रिंट रद्द करायचा हक्क ज्याने पाठवलं त्याला मूळातच असतो, म्हणजे इथे तो सगळ्यांना मिळाला. लहान ऑफिसात हे चालतं. पगारपत्रक कोणी छापलं याचा हिशोब ठेवायचा असेल तर नाही चालणार. मग काउंटरवर प्रत्येकाचं वेगळं खातं करा.

तिसरं मशीन, ७०९ वालं. इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा, नाहीतर कोणीतरी रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज, बदलणारी एक फाइल पाठवतं आणि आपण डबल क्लिक करून मोकळे होतो. प्रिंटचं काम बघणारी स्पूलर सेवा विंडोजमध्ये सिस्टिमच्या पूर्ण अधिकाराने चालते. २०२१ च्या जून-जुलैत तिच्यातली ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली त्रुटी उघड झाली: साधा युजरही स्पूलरला आपला ड्रायव्हर गिळायला लावून मशीन ताब्यात घेऊ शकत होता. त्यावर मायक्रोसॉफ्टने १० ऑगस्ट २०२१ च्या अपडेटमध्ये प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला ठेवला. त्याच सप्टेंबरमध्ये स्पूलरशी होणारं बोलणं एनक्रिप्ट केलेलंच असलं पाहिजे ही अट सक्तीची झाली आणि ११बी ने संपणाऱ्या कोडचा देशभर सुळसुळाट झाला. पुढे विंडोज ११ च्या २२एच२ ने हे बोलणं नेम्ड पाइपऐवजी थेट टीसीपीवरून करायला सुरुवात केली. ७०९ ची बरीच प्रकरणं तिथली.

म्हणून तिसऱ्या मशीनवर क्रम असा ठेवा. आधी काउंटर आणि ते मशीन, दोन्हींची सगळी अपडेट पूर्ण करा. ११बी येतो तो बहुतेकदा एक बाजू पुढे गेलेली आणि दुसरी मागे राहिलेली असते म्हणून. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याने लॉगइन करून प्रिंटर कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर त्याच मशीनवर आधीच बसवा, त्यानंतर युजरच्या खात्यातून काउंटरचा प्रिंटर जोडा. ड्रायव्हर जागेवर असला की विंडोजला तो काउंटरवरून ओढून आणावा लागत नाही आणि अधिकाराचा प्रश्न उरत नाही. एवढ्यावरही ७०९ राहिला तर ग्रुप पॉलिसीत, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्समधल्या प्रिंटर्सखाली, ‘कॉन्फिगर आरपीसी कनेक्शन सेटिंग्ज’ चालू करून ‘नेम्ड पाइप्स’ निवडा आणि स्पूलर रीस्टार्ट करा. वर्कग्रुपमधल्या, म्हणजे मध्यवर्ती सर्व्हर नसलेल्या, ऑफिसात इथे बऱ्याचदा गाडी मार्गी लागते, कारण नेम्ड पाइपचं बोलणं फोल्डरच्याच एसएमबी जोडणीतून जातं आणि तुम्ही जतन केलेली ऑफप्रिंटची ओळख तिथे वापरली जाते. होम एडिशनमध्ये ग्रुप पॉलिसी नसते, तिथे हेच रजिस्ट्रीतून करावं लागतं. ते जाणकाराकडूनच करून घ्या.

तरीही जमलं नाही तर जुन्या टेक्निशियन मंडळींची एक युक्ती आहे आणि मला ती मान्य आहे. प्रिंटर अ‍ॅड करताना ‘लोकल पोर्ट’ निवडा आणि पोर्टच्या नावात दोन बॅकस्लॅश, मशीनचं नाव, बॅकस्लॅश, प्रिंटरचं शेअर नाव द्या. ड्रायव्हर आपल्याच मशीनवरचा निवडा. विंडोजला मग तो आपलाच प्रिंटर वाटतो आणि फक्त छापायचा मजकूर काउंटरकडे जातो. काउंटरवर ओळख पटवावी लागतेच, म्हणजे क्रेडेन्शियलची नोंद इथेही हवी. तोटा एवढाच की कागद संपला, टोनर संपला हे आपल्या स्क्रीनवर कळत नाही. काउंटरला हाक मारून विचारावं लागतं.

करू नये अशा तीन गोष्टी मला वारंवार केलेल्या दिसतात. पहिली, एनक्रिप्शनची अट रजिस्ट्रीतून शून्य करणं. ११बी जातो, पण ज्या भोकासाठी ती अट आली ते परत उघडतं. दुसरी, ड्रायव्हर कोणालाही बसवू देणारी रजिस्ट्रीची सोय. ती म्हणजे प्रिंटनाइटमेअरला परत बोलावणं. तिसरी, एसएमबी १ चालू करणं. विंडोज १० आणि ११ च्या आपसातल्या प्रिंटशी त्याचा संबंधच नाही, आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच जुन्या एसएमबीतून पसरला होता. सीएच्या ऑफिसात शेकडो लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट आणि रिटर्न पडलेले असतात. तिथे हे तर अजिबातच नको.

प्रिंटर तुम्ही नवीन घेणार असाल तर लॅन किंवा वाय-फाय असलेला घ्या. आपल्याकडच्या ऑफिसांत अजून ठाण मांडून बसलेले एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅननचे एलबीपी २९०० अजूनही उत्तम छापतात, मी ते टाकून द्या म्हणणार नाही. पण ते फक्त यूएसबीवर चालतात, त्यामुळे कोणत्यातरी मशीनच्या परवानग्यांवर अवलंबून राहावंच लागतं. नेटवर्कच्या प्रिंटरला राउटरमधून एक पत्ता कायमचा बांधून द्यायचा आणि प्रत्येक मशीनवर त्या पत्त्याच्या टीसीपी-आयपी पोर्टवर जोडायचा. मजकूर सहसा ९१०० पोर्टवरून थेट प्रिंटरकडे जातो, मध्ये काउंटर नाही आणि विंडोजच्या परवानग्याही नाहीत. याचाच दुसरा अर्थ असा की त्या नेटवर्कवरचा कोणीही छापू शकतो. अशीलांना वाय-फायचा पासवर्ड देत असाल तर त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा.

घरून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या मशीनवर येणाऱ्याचा प्रिंटर दिसत नाही, ही तक्रार वेगळी आहे, तिचा वरच्या कशाशी संबंध नाही. जोडताना ‘लोकल रिसोर्सेस’ टॅबमध्ये प्रिंटर्सवर टिक हवी आणि ऑफिसच्या मशीनच्या पॉलिसीत प्रिंटर रिडायरेक्शन बंद केलेलं नको. असा आलेला प्रिंटर त्या माणसाच्या सेशनपुरताच असतो. सेशन संपलं की तो जातो, आणि ते बरोबरच आहे.

शेवटचं काम उरतं ते काउंटरवर. तिन्ही मशीन चालू झाली की ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ परत चालू करा आणि गेस्ट खातं बंद झालंय ना ते बघा. त्या क्षणी आजवर बिनबोभाट छापणारी चारही जुनी मशीन पासवर्ड मागायला लागतील. तिथेही ऑफप्रिंटची तीच नोंद घालायची, टॅलीचा ड्राइव्ह नावाने जोडायचा. हे शनिवारी संध्याकाळी करा. ऑडिट रिपोर्टच्या शेवटच्या आठवड्यात काउंटरच्या मशीनला हातही लावू नका.